आठ दिवसांत फुटणारी शाळा

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार करायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच करतो, गोड मानून घ्या. तुमची तब्येत बरी असेल. मामींचा गुडघा काय म्हणतो? गोळ्या वेळेवर घेता की अजून खिशात ठेवून विसरता? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (मजेत म्हणजे घरचे. माझं विचारू नका. नाही विचारलंत तरी सांगणारच आहे.)

बारा वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर राबल्यावर यंदा स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं. काम कसलं, ते मात्र गुळमुळीत सांगितलं. एक जुनी इमारत पाडायची आहे, एवढंच म्हणालो. मामा, ती तुमची शाळा आहे. तुम्ही पंचेचाळीस वर्षांपूर्वी बांधलेली, दुमजली, जिन्याला लाल कठडा असलेली. मुलं वाढली, वर्ग पुरेनात, म्हणून तिथे मोठी बांधायची आहे. लगेच रागावू नका. रागवायची पाळी माझी आहे, पुढे वाचा.

या कामाची अट अशी, की पाडलेल्या काँक्रीटचा एक तुकडाही बाहेर न्यायचा नाही. पूर्वी ट्रक भरायचा, लांबच्या खड्ड्यात ओतायचा आणि हात झटकायचे. आता तसं नाही. सगळं जागेवरच क्रशरमध्ये दळायचं, सळ्या वेगळ्या काढायच्या, खडी चाळायची आणि तीच नव्या इमारतीच्या जमिनीखाली आणि पटांगणाखाली घालायची. कल्पना झकास आहे, मला मनापासून पटली. त्या भरात मी कागदावर लिहून दिलं, की आठ दिवसांत सगळं दळून देतो. आज अकरावा दिवस आहे आणि तळमजल्याचे नऊ खांब माझ्याकडे बघत उभे आहेत. नवा पाया घालणारे लोक खोळंबलेत. शाळा समितीच्या शनिवारच्या बैठकीत मला पंधरा दिवस वाढवून मिळाले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाणार. आणि पहिल्याच कामावरून हाकललेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो?

आता मला सांगा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं करायला? तुम्ही शाळा बांधत होता की धरण? जुनी इमारत म्हणजे कशी असावी, मामा? ब्रेकरचे दोन ठोके बसले की तुळईने मान टाकावी, काँक्रीट एकीकडे आणि सळ्या दुसरीकडे व्हाव्यात, सगळ्यांनी वेळेवर घरी जावं. (मी अशा अकरा इमारती पाडल्यात. एक तर आम्ही पोचायच्या आधीच निम्मी पडली होती, फार समजूतदार इमारत.) तुमच्या पहिल्या खांबावर ब्रेकर लावला तर ठिणग्या उडाल्या आणि ब्रेकरचं टोक बोथट झालं. वरचा स्लॅब उतरवायला दोन दिवस धरले होते, पाच लागले. त्यात सळ्या इतक्या जवळजवळ, की मधून माझा हात जात नाही. क्रशरच्या सरकत्या पट्ट्यावरचं लोहचुंबक सळ्या उचलून उचलून दमलं. आज साइटवर खडीचा ढीग लहान आणि सळ्यांचा मोठा आहे, येणारेजाणारे विचारतात, इथे लोखंडाचं दुकान निघतंय का.

क्रशर चालवणाऱ्याला इथे सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून मशीनची प्रकृती ऐकतो. तिसऱ्या दिवशी त्याने असंच ऐकलं, डोळे मिटले आणि मान हलवली. पाच मिनिटांत क्रशरच्या जबड्याची प्लेट दुभंगली. नवी प्लेट दोन दिवसांनी आली, ती चुकीच्या मापाची. तोपर्यंत नमुने तपासणीला धाडले, तर प्रयोगशाळेतून फोन: चुकून नव्या बांधकामाचे तुकडे पाठवलेत का? मी म्हटलं, नाही हो, जुनेच आहेत, आमच्या नशिबाचे. समोरच्या घराच्या गॅलरीत एक निवृत्त गृहस्थ तोंडाला रुमाल बांधून दिवसभर बसतात. धूळ उडाली की तक्रार करतात, धूळ बसवायला पाणी मारलं की चिखलाची तक्रार करतात, आणि आम्ही काम थांबवलं की कधी संपणार म्हणून तक्रार करतात. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही, पण त्यांच्यासाठी मी नेमकं काय करू, ते त्यांनी एकदा लिहून द्यावं.

आणि या सगळ्यावर मुख्याध्यापिका बाई. त्या रोज सकाळी नऊला येतात, घड्याळ बघतात आणि वर्गात विचारावं तसं विचारतात, आज किती झालं? मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, आपोआप हात मागे बांधून उभा राहतो. वाढीव दिवसांचं पत्र त्यांच्याच सहीने बैठकीत जाणार. मी म्हणालो, बाई, इमारत फार मजबूत निघाली. त्या म्हणाल्या, अभ्यास न केलेली मुलंही पेपर फार अवघड निघाला असंच म्हणतात.

असो. तुमचा वेळ खाल्ला. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि पायऱ्या उतरताना हात धरत जा, कुणाचा ना कुणाचा.

तुमचा वैतागलेला भाचा

ता. क. पत्र तसं सहजच लिहिलं. पण आता पाकीट निघालंच आहे, तर एक बारीकसं काम. बाई म्हणतात, ज्याने बांधली त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, की या इमारतीत खरोखर एवढं सिमेंट आणि एवढ्या सळ्या घातल्या होत्या, तरच मी सही करीन. तेवढं चार ओळींत लिहून शनिवारच्या आत पोचेल असं पाठवा.

ता. क. दुसरा. बाई इथे माझ्या टेबलाशी उभ्या आहेत. त्यांनी हे पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, शुद्धलेखनाच्या सात चुका दाखवल्या (त्या सुधारल्यात) आणि म्हणाल्या, आठ दिवसांचा आकडा कुठून आणला ते यात नाही. सकाळी मी त्यांच्यापाशी बोलून गेलो होतो, ते मला नडलं. त्या चौथीपर्यंत याच इमारतीत शिकल्यात. आकड्याचं ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करू देत नाहीत, म्हणून लिहितो. मामा, नेहमीच्या इमारतीला मी सोळा दिवस धरतो. तुमच्या इमारतीला आठ धरले. तुमच्या बरोबरीच्या सगळ्या कंत्राटदारांचे बंगले झाले आणि तुम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलात, त्यावर घरात सगळे म्हणायचे, की मामांना खाल्लेले पैसेसुद्धा टिकवता आले नाहीत. मीही तेच धरून चाललो. इतरांनी निम्मं सिमेंट खाल्लं असेल, तर आमच्या मामांनी त्याहून जास्तच, असा हिशेब करून सही ठोकली. मला माफ करा. लाज वाटते म्हणून आधी लिहिलं नव्हतं. तुमचा बंगला मला सापडला, मामा. अकरा दिवस झाले, मी तो फोडतोय आणि तो फुटत नाही.