बाल्कनीवाली खोली रद्द केली

हितेश,

मी घरात दिसले नाही म्हणून लगेच सगळीकडे फोन लावत बसू नकोस. मी चिंचणीला, माहेरी गेले आहे. एकटी, रिक्षाने.

तू वाडीत चिकू उतरवायला गेलास आणि डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "रिपोर्ट एकदम चांगले आहेत. ऑपरेशनचं आता विसरा."

मी विचारलं, "अंदमानला जातोय आम्ही. स्कुबा करू?"

ते हसले. "पोहता येतं का?"

"चिंचणीच्या किनाऱ्यावर वाढले मी, डॉक्टर!"

"मग खुशाल करा."

फोन ठेवून आधी भरपूर रडले. मग तू निवडलेलं रिसॉर्ट रद्द केलं. रागावू नकोस. एवढी मोठी बाल्कनी, आरामखुर्ची, खोलीत जेवण, जवळच दवाखाना, सगळं तू माझ्यासाठीच शोधलंस. पण मला खुर्चीत बसून समुद्र बघायचा नाही रे. हॅवलॉक बेटावरचंच दुसरं घेतलंय. तेही झकास आहे, आणि डायव्हिंगची बोट त्यांच्या दारातूनच सुटते.

आता मिथुनदादाबरोबर भरतीच्या पाण्यात पोहून येते. वर्षभरात पाण्यात पाय घातला नाही. बोंबलाचं कालवण झालंय, भात तेवढा लाव.

आणि हो, डायव्हिंगला दोघांची नावं दिलीत. तुला पाण्याची भीती वाटते, हेही सांगितलं. तिथला मुलगा म्हणाला, "टेन्शन नको मॅडम, नवीन माणसाचा हात आम्ही सोडत नाही."

मी म्हटलं, "ह्यांचा मी धरणार आहे."

शितल