मामाने दाखवलेले सिनेमे

प्रिय केपुएलीमामा,

तू बोलेनासा झालास असं कळलं. म्हणजे ‘वाढ’, ‘पुरे’, ‘पाऊस येईल’ एवढं बोलतोस, पण गोष्ट म्हणून सांगत नाहीस. तुझ्या सुनेने, मेलेसेइनीवहिनीने फोनवर सगळं सांगितलं. नातवंडांनी टीव्हीवर तुझा जुना काउबॉयचा सिनेमा लावला, तू हौसेने सांगायला बसलास आणि धाकटी म्हणाली, “आजोबा, तो असं म्हणतच नाहीये. तो फक्त घोड्यासाठी पाणी मागतोय.” सगळे हसले, तूही हसलास. आणि त्याच आठवड्यात पुरुषांच्या ‘कावा’ प्यायच्या बैठकीत जाहीर करून टाकलंस, “मी जन्मभर हापाई बेटांवरच्या लोकांना फसवलं.” मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. आम्हाला न विचारता तू परस्पर असं कसं ठरवलंस?

आता माझं ऐक. मागे रेडिओवाल्यांनी श्रोत्यांकडून आवडत्या पाच सिनेमांची यादी मागवली होती, क्रमवार. मी मोठ्या उत्साहाने पाठवली. चार दिवसांनी निवेदिकेचा फोन. “बाई, तुमच्या यादीतला एकही सिनेमा आम्हाला कुठे सापडत नाहीये हो!” कसा सापडेल? नावं तू ठेवलेली, माणसं तू घडवलेली. इंग्रजी सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी भोंगा घेऊन तू उभा राहायचास आणि गोऱ्यांच्या तोंडून आपल्या पांगाई गावची अस्सल भाषा बाहेर पडायची. रेडिओवर माझी यादी काही आली नाही. म्हणून ती तुला पाठवते आहे.

पाचव्या नंबरावर तो मारामारीचा. त्यातल्या खलनायकाला तू आपल्या चर्चच्या कारभाऱ्याचं, मातेआकीचं नाव दिलं होतंस, कारण तो गावभर दुसऱ्यांच्या डुकरांना दगड मारत फिरायचा. आणि मातेआकी नेमका पुढच्या बाकावर! प्रत्येक लाथेसरशी सगळं थिएटर त्याच्याकडे बघून टाळ्या पिटत होतं. सिनेमा सुटल्यावर तो तुझ्याकडे आला, आम्हाला वाटलं आता जुंपणार. तर म्हणाला, “मारलंस ते मारलंस, पुढच्या वेळी निदान घोडा तरी दे.” त्यानंतर गावातल्या डुकरांना दगड लागल्याचं मला आठवत नाही.

चौथा भुताचा. त्याबद्दल फार लिहीत नाही, अजूनही एकटीने आढ्याकडे बघायची हिंमत होत नाही.

तिसऱ्याबद्दल मात्र नीट वाच, कारण तुझ्या त्या ‘फसवलं’ला उत्तर इथेच आहे. युद्धाचा, पुलावरच्या शिपायाचा. पुढे मी ऑकलंडला कामाला होते तेव्हा मूळ सिनेमा पाहिला, सगळं इंग्रजी कळत असताना. मामा, मला झोप लागली! त्यांच्या सिनेमात तो शिपाई पूल उडवायला निघालेला असतो. बस्स. तुझ्या सिनेमात तो आईला भेटायला निघाला होता आणि पूल मध्ये आला होता. आता तूच सांग, कुणी कुणाला फसवलं? मला तर त्या गोऱ्या दिग्दर्शकाची कीव आली. बिचाऱ्याला स्वतःच्या सिनेमातलं काही कळलंच नव्हतं.

दुसरा, जहाजावरच्या कॅप्टनचा. तिसरं रीळ नुकुआलोफाच्या धक्क्यावरच राहिलं आणि बोट तशीच आली. थिएटरचा मालक लोकांना घरी जा म्हणत होता. तू म्हणालास, “कशाला? मशीन चालू ठेव, मी आहे ना.” आणि कोऱ्या पांढऱ्या कापडाकडे बोट दाखवत तू अख्खं रीळ सांगितलंस. वादळ आलं, खलाशी बुडाला, कॅप्टनने त्याची टोपी छातीशी धरली. बाया हुंदके देत होत्या, मीही. पुढच्या फेरीला खरं रीळ आलं तर लोक म्हणाले, “राहू दे, आम्ही पाहिलाय तो भाग.”

आणि पहिला. तुला हसू येईल, तो प्रेमाचा, बंदरावरच्या दोघांचा. शुक्रवारी सोनातानेदादा येऊन गेला होता, म्हणून माझी पाळी शनिवारची; बहीण-भावाने एका खेळाला बसायचं नाही ही आपली रीत, हे तुला काय सांगायचं. ती दोघं पडद्यावर जवळ आली की तू हवामानावर घसरायचास. “वारा सुटलाय. समुद्र खवळलाय. होड्या वर ओढून घ्या.” मागून पोरं ओरडायची, “अरे केपुएली, होड्या खड्ड्यात गेल्या, ती दोघं काय बोलतायत ते सांग!” तू ढिम्म. बाकी गावांत गेलास की हेच प्रसंग रंगवून सांगायचास, हे मला तुझ्याच मित्राने सांगितलं. लोक म्हणायचे, पांगाईत पाद्रीबुवांना घाबरतो.

पाद्रीबुवांना कोण घाबरतंय! थिएटरच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे आई बसलेली असायची, चटयांसाठी केवड्याच्या पाती सोलत. कुणी विचारलं तर म्हणायची, “इथे वारा बरा येतो.” धाकटा भाऊ आत प्रेमाच्या गोष्टी सांगतोय म्हटल्यावर ती आत पाऊल कशी टाकणार? पण ती एकही खेळ चुकवत नव्हती, आणि तुला ते माहीत होतं. बहिणीच्या कानावर भावाच्या तोंडून नको ते पडू नये म्हणून तू भर थिएटरात लोकांच्या शिट्ट्या खाल्ल्यास. तुम्ही दोघं यावर एक अक्षर कधी बोलला नाहीत. म्हणून तो माझा पहिला नंबर. मामा, इतकं चांगलं माणूस मी कुठल्याच सिनेमात पाहिलं नाही. तुझे उपकार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.

आता पत्राचं खरं कारण. आईला दिसत नाही, तुला ठाऊक आहेच. पण आता ती अंथरुणातून उठतही नाही. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवून घ्या. तुझी बातमी मी तिच्यापासून लपवली होती, पण इथे काय लपतंय! परवा तिने विचारलं, “तो सांगायचा थांबला म्हणतात. खरं का गं?” मी हो म्हटलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, “मग मला आता सिनेमा कोण दाखवणार?” मामा, भाचीने मागितलं की मामाने नाही म्हणायचं नसतं. तुझी डुकरं नेली, चटया नेल्या, एकदा तर तू ऐकत असताना रेडिओ उचलून आणला, तू हसलास फक्त. आज तुझा आवाज मागते आहे. शुक्रवारच्या बोटीने ये. खिडकीखाली अंगणात तुझी खुर्ची मांडून ठेवते. आई आत असेल, तू बाहेर.

तुझीच हक्काची,
लोसालिने