धुराच्या वर्षाची वाइन

आई,

मी दारू बनवते. इतक्या सरळ शब्दांत हे तुला कधी सांगायची वेळच आली नाही. तू होतीस तेव्हा मी ते शिकायला नुकतीच लागले होते आणि मंडळातल्या काकूंना तू ठासून सांगायचीस, "फूड सायन्स करते ती." तसं ते खोटंही नव्हतं म्हणा.

आता मी कॅलिफोर्नियातच, पण आपल्या फ्रीमाँटपासून बरीच वर, टेकडीवरच्या एका वायनरीत असते. मालक फ्रान्सचे, पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणारं घराणं. त्यांची एक रीत आहे. तळघरात एक मोठं पिंप असतं. दर वर्षी त्यातली थोडी वाइन काढून नव्या वाइनमध्ये मिसळायची आणि तेवढीच यंदाची त्यात घालायची. पिंप रिकामं म्हणून कधी करायचं नाही, तुझ्या विरजणासारखं. त्यांच्या पिंपात शंभर वर्षांपूर्वीच्या द्राक्षांचाही अंश आहे. ती ज्यांनी तोडली त्यांची मुलंसुद्धा आता गेली असतील. इथेही त्यांनी तसं एक पिंप सुरू केलं आणि त्यात काय जाईल हे ठरवायचं काम माझ्यावर सोपवलं.

यंदा द्राक्षं पिकत असतानाच डोंगर पेटले. धूर कितीतरी दिवस मळ्यावर बसून होता. हा धूर मोठा लबाड असतो. द्राक्षात दडून बसतो आणि कधीकधी वाइन मुरल्यावर वर येतो. म्हणजे यंदाची घातली आणि पुढे धूर निघाला, तर आधीच्या सगळ्या वर्षांची माती. नाही घातली, तर राखेत उभं राहून ज्यांनी तोडणी केली त्यांचं हे वर्ष पिंपात कधीच असणार नाही.

काल फ्रान्सहून तळघराचे प्रमुख आले, ऐंशीच्या घरातले. सोबत त्यांच्या पिंपातली एक छोटी बाटली. "आधी फक्त वास घे," ते म्हणाले. अक्रोड, सुकलेलं सफरचंद, भिजलेला दगड, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी, मागे मागे जाणारं. आई, मला भरूनच आलं. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत त्या माणसांची वर्षं माझ्या नाकाशी जिवंत होती. मी ग्लास दोन्ही हातांनी धरला, तीर्थ घ्यावं तसा.

मग त्यांनी यंदाची वाइन पुढे केली. "घालायची?"

आणि मी आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. गणपती बसलेत, तू कटाची आमटी ढवळते आहेस. मी म्हणते, "आई, जस्ट टेस्ट इट ना!" तू डोळे वटारतेस. "नैवेद्याआधी उष्टं करतात का?" पदराने वाफ सारतेस, डोळे मिटून वास घेतेस. "मीठ हवं जरा." मिठाला वास नसतो हे मी पुढे कॉलेजात शिकले. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. एका वर्षी चुकलीस, आमटी ठार अळणी. "बाप्पाला बीपी आहे यंदा," म्हणत तू पानोपानी मीठ वाढत सुटलीस. पण दुसऱ्या वर्षी पुन्हा न चाखताच गॅस बंद केलास. हे धाडस तुझ्यात कुठून यायचं?

मी वास घेतला. नासपती, लिंबाची साल, छान. अगदी तळाशी विझलेल्या चुलीसारखं काहीतरी. ते वाइनमध्ये होतं की माझ्या भीतीत, देव जाणे.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ ग्लास हुंगला. "मला नाही येत धूर," ते म्हणाले. "पण पिंप तुझं आहे." यंदाचं वर्ष पिंपाबाहेर राहिलं ते राहिलं. ती वाइन आता मुरवायला कुणी ठेवणार नाही, त्यामुळे मी बरोबर होते की नाही, हे कुणालाच कळणार नाही.

निघण्याआधी त्यांनी विचारलं, "हे शिकवलं कुणी तुला?"

"आईने."

"कुठे करायची ती वाइन?"

"फ्रीमाँटला," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. त्यांच्या पिंपातली उरलेली वाइन दोघांच्या ग्लासात ओतली आणि तुझ्यासाठी ग्लास उंच धरला.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं, तू जाम चिडली असतीस. आयुष्यात थेंबाला शिवली नाहीस, हे त्यांना सांगायला मला वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही. त्या माणसांच्या रांगेत तू मला हवी होतीस.