एकोणसाठ पानांचा डेक

लिहून ठेवतो मी, अंगद केरबा देवकते, वय त्रेचाळीस, धंदा नोकरी, राहणार चितेगाव, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. येत्या बुधवारी, १५ मे रोजी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर धीर देतात, पण सही घेताना त्यांनी पुढे केलेला कागद बराच लांब होता. म्हणून आज, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाखाली किंवा भरीला पडून नव्हे, माझ्या मागची व्यवस्था लावत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही. लग्न केले नाही, त्यामुळे बायको-मुले नाहीत. वडील वारले. आई सारजाबाई माझ्याजवळ असते. धाकटी बहीण प्रांजली देवगाव रंगारीला दिली आहे. तिथल्याच शाळेत ती शिकवते.

कलम एक, घर. चितेगावचे माझे दोन खोल्यांचे घर प्रांजलीला द्यावे. आई हयात असेपर्यंत इथेच राहील आणि तिच्या खाटेची जागा कोणी बदलू नये. हे घर मी बिडकीनच्या शेताच्या भरपाईतून बांधले. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेले. आमची बोरीची झाडे होती तिथे आता रुंद रस्ता आहे. ते शेत वडिलांचे, म्हणजे आईचे, माझे आणि प्रांजलीचे होते. २०१३ च्या उन्हाळ्यात, वडील जाऊन वर्ष व्हायच्या आत, मी प्रांजलीकडून हक्कसोडपत्र घेतले. आमच्याकडे बहिणी भावाला सही देतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेर टिकले असे सगळे म्हणतात. मीही तेच केले. साडी हिरवी होती. तेव्हा हे घर म्हणजे दान नव्हे, तिचे तिला परत जात आहे. तिने यापुढे कोणाच्याही नावे, कितीही चांगली साडी आणली तरी, हक्कसोड लिहून देऊ नये.

कलम दोन. वडिलांची लोकर कातरायची कातर, काठी आणि घोंगडी आईकडे राहील. मेंढ्या २०१३ च्या दुष्काळातच विकल्या. घोंगडीला अजून कळपाचा वास आहे, ती धुऊ नये.

कलम तीन. हक्कसोडाचा कागद तयार करून घेऊन येणारे आमचे मामा काकासाहेब यांना काही नाही. त्यांनी सहा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यांनी खुशाल ठेवावी.

कलम चार, पत्ते. वकीलसाहेब म्हणाले, खेळाच्या पत्त्यांना स्वतंत्र कलम कशाला. मी म्हणालो, मुख्य मालमत्ता तीच आहे.

हा खेळ माझ्या कंपनीतला मित्र फकिरा याने आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोघे खेळतात. प्रत्येकाचा साठ पानांचा, स्वतः निवडून जमवलेला गठ्ठा असतो, त्याला डेक म्हणतात. त्यातली काही पाने जमिनीची. दर पाळीला एक जमीन खाली मांडायची. जमिनीतून बळ मिळते आणि त्या बळावर बाकीची पाने उतरवता येतात. प्रांजलीचा डेक कळपाचा होता. ती जमिनी मांडत जायची आणि जनावरे वाढवत जायची. माझा डेक जमीनतोडीचा. समोरच्याच्या जनावरांना हात लावायचा नाही, त्याच्या पायाखालच्या जमिनीच उचलायच्या. मग तो हातात सात पाने धरून बसतो आणि त्याला एकही खेळता येत नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षी वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा. नंबर लावून आम्ही बहीण-भाऊ निळ्या ड्रमवर फळी टाकून खेळत बसायचो. पानांवरची नावे इंग्रजी होती, प्रांजलीने त्यांना आपली नावे ठेवली. एक जमीन तोडणारे पान जेसीबी. दोघांच्याही सगळ्या जमिनी संपवणारे पान दुष्काळ. माझ्या पहिल्या डेकमध्ये वीस तोडणारी पाने होती आणि जिंकून देणारे एकही नव्हते. समोर प्रांजलीकडे एकही जमीन उरायची नाही आणि मीही नुसता बसून राहायचो. ती म्हणायची, "दादा, तुझ्या डेकला भूक लई हाय, पर खायाचं काय ते ठाऊक नाय." सगळे गाव टँकरची वाट पाहायचे आणि आम्हा दोघांना वाटायचे, आज जरा उशिराच यावा. ते दिवस मला परत हवे आहेत. यादीत मांडता येत नाहीत म्हणून इथे लिहितो.

हक्कसोडाची सही झाली त्या दिवशी पैठणहून आलो, तेव्हा टँकरला वेळ होता. मी फळी टाकली. मोठा भाऊ म्हणून पहिली पाळी नेहमी मीच घ्यायचो, आणि या डेकचा सगळा जोर पहिल्या पाळीवर असतो. मी तिची पहिली जमीन उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. मला हसू येत होते. तिने हातातली पाने पालथी ठेवली.

"मागितली असती तर दिलीच असती जमीन. तू आईला पुढं केलंस, मामाला पुढं केलंस. मला इचारलंच नाय."

"सगळ्याच बहिणी देत्यात की."

"व्हय. पर सगळे भाऊ बहिणीसंगं रोज खेळत नसत्यात. तुला तर इचारता आलं असतं."

डेक ड्रमवर तसाच सोडून ती घरात गेली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. दर भाऊबीजेला येते, ओवाळते, जेवते, आईचे पाय चेपते. पत्त्यांना हात लावत नाही. आई तेव्हा म्हणाली होती, "पोरीचं काय, साडीचोळी केली की झालं." आता तीच रोज विचारते, पोरगी कधी येणार. मलाही तिची फार आठवण येते, ती समोर बसून जेवत असली तरी येते.

अकरा वर्षे मी तो डेक सुधारतो आहे. वीसची चौदा तोडणारी पाने केली, कारण उशिरा हाती आलेला जेसीबी काही कामाचा नसतो. लवकर बळ देणारी पाने घातली, जिंकून देणारी चार घातली. फकिरा म्हणतो, आता शहरात मला कोणी हरवणार नाही. पण सरावाला समोर मी प्रांजलीचाच डेक मांडतो, तिने सोडला तसा, आणि दोन्ही बाजू मीच खेळतो. एक पाळी इकडे खेळतो, मग उठून तिच्या बाजूला जाऊन बसतो. माझा डेक सुधारत गेला तसा तिच्या बाजूने जास्त जास्त हरत गेलो. हातात सात पाने धरून गप्प बसायचे म्हणजे काय, हे मला तिथे बसून कळले.

मागच्या आठवड्यात दुष्काळाचे शेवटचे पान काढून टाकले. आता एकोणसाठ पाने आहेत आणि साठाशिवाय खेळ सुरू होत नाही. फकिराने दहा पाने सुचवली, मी एकही घातले नाही. ते पान प्रांजलीने ठरवायचे. दोन्ही डेक तिला द्यावेत. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलसाहेब सांगतात, म्हणून फकिराला काही नाही. तो तोंड वाकडे करील आणि मग समजून घेईल.

कलम पाच. लिहिणारा जिवंत असताना मृत्युपत्र वाचू नये असा कायदा नाही, हे मी वकीलसाहेबांना दोनदा विचारून घेतले. म्हणून याची एक प्रत फकिरा आजच मोटारसायकलवर देवगावला नेऊन देईल. प्रांजली, घर तुला माझ्या मागेही मिळेल, त्याची घाई नाही. कलम चारला मात्र मी जिवंत लागतो. अकरा वर्षांनी का होईना, कोणाला पुढे न करता विचारतो. खेळशील का? रविवारी मी दिवसभर घरी आहे. आमच्या गल्लीत पुन्हा टँकर सुरू झाला आहे, अकराच्या सुमारास येतो. ड्रम तोच आहे. साठावे पान घेऊन ये. पहिली पाळी तुझी.

वरील मजकूर वाचून, माझाच आहे याची खात्री करून सही केली.

अंगद केरबा देवकते

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. फकिरा लक्ष्मण साळवे, चितेगाव
२. कडूबा रंगनाथ घोडके, चितेगाव

ठिकाण: चितेगाव
गुरुवार, ९ मे २०२४