घराचे दोष

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट मिळून चार महिने झाले. कोर्टाच्या कागदावर घर निम्मं तुझं, निम्मं माझं. तरी विक्री होत नाही. दलालाने कळवलंय, गिऱ्हाईक दारात आलं की तू आधी भिंतीची ओल दाखवतेस, मग गच्चीची गळती. बाबा गवंडी होते, दोष आधी सांगायचे, कबूल. पण तू तर हात धुऊन घराच्या मागे लागली आहेस!

माझ्या सुतारकामाच्या शेडची मुदत डिसेंबरात संपते. घराच्या पैशाअभावी नवी जागा हातची गेली तर यंत्रं रस्त्यावर. जीव टांगणीला लागलाय.

रागाव, पण उत्तर धाड.

तुझा,
भोपळा

१२ ऑगस्ट

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

आता खरं ऐक. गळती बाबांनीच जाण्याआधी बंद केली होती. ओलही केव्हाच वाळली. मी कपाट सरकवून जुना डाग दाखवायची. बाबांच्या खरेपणावर माझं खोटं खपून गेलं.

काल एक नर्सबाई आल्या. मी पाढा सुरू केला. त्यांनी डागावर तळहात ठेवला आणि भिंत कोरडी आहे म्हणाल्या. मी कानकोंडी झाले. घर पसंत, किंमतही मान्य. निघताना त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे जाणार?

तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते आहे. चहा ठेवते नि विसरते. हा प्रश्न तुझ्या एकाही पत्रात नव्हता रे.

पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी दोघांच्या सह्या हव्यात. ये. आता अडवणार नाही.

मुलांना पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तीनदा उठलो. हिला म्हटलं, ताई कुठे राहणार ते आपण ठरवलं होतं ना? ही म्हणाली, आपण ते कधी बोललोच नाही.

शनिवारी येतो, पण सही करायला नव्हे. आधी तुझ्यासाठी जागा बघू. आमच्याकडे यायचं असेल तर खोली आहे, पण ते तू ठरव. तुझं ठरेपर्यंत माझी सही होणार नाही. नर्सबाई थांबल्या तर ठीक, नाहीतर त्यांना दुसरी घरं आहेत.

शेडवाल्याने मुदत वाढवली नाही, तर यंत्रं आमच्या बैठकीत येतील. हिने सोफा सरकवायला घेतलाय.

चुकलेल्याला पदरात घे.

तुझा,
भोपळा