सतरा फळ्या आणि चार जागा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. होस्टेलच्या या खोलीत दोन खाटा, एक लंगडं टेबल आणि माझी पुस्तकं आहेत, आडवं व्हायला जागाच नाही.) तुमची कंबर कशी आहे? मी सांगितलेले व्यायाम करता, की "हो हो" म्हणून पुन्हा कपाटं उचलायला धावता? मामीचा चष्मा सापडला का? सापडला असेल आणि तीच पत्र वाचून दाखवत असेल, तर तिला म्हणावं, शेवटचं पान मामांनी एकट्याने वाचायचं आहे. उगीच नाही म्हणत, कारण आहे.

आता ऐका. झाली! तुमची भाची निवडली गेली! हाडांच्या शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी, अर्ज सहाशे बारा, जागा चार, आणि त्या चारांत चौथी मी! चौथी म्हणजे शेवटचीच की, असं शेजारच्या खोलीतलीने लगेच सुचवलं. मी म्हटलं, असू दे बाई, दाराच्या आत आहे ना, मग उंबरठ्यावर का असेना. सकाळपासून मी जिन्यावरून नुसती वरखाली करते आहे. खाली काहीच काम नाही, पण भेटेल त्याला सांगता येतं.

सगळं सरळ झालं असतं तर मी फोनच केला असता, पत्र कशाला लिहिलं असतं? आमच्या मजल्यावर एक सीनियर राहतो, त्याला सगळे टक्केवारी म्हणतात. कुणाची निवड किती टक्के शक्य आहे, याचा त्याच्याकडे तक्ता आहे. परीक्षेचे गुण, शोधनिबंध, शिफारसपत्रं, सगळ्यांना रकाने. (स्वतः तीन वर्षं अर्ज करतोय, कुठेच लागला नाही. पण तक्ता बिनचूक आहे म्हणतो.) मी माझे कागद घेऊन गेले. गुण बरे. शोधनिबंध एक, त्यातही माझं नाव अकरावं. त्याने बराच वेळ आकडेमोड केली, माझ्याकडे पाहून आणखी दोन टक्के कापले ("चेहऱ्यावर भरवसा नाही"), आणि म्हणाला, चार टक्के. वर धीर दिला, शून्यापेक्षा बरे. त्या दिवशी मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू. हाडांखेरीज मला दुसरं काही करायचंच नव्हतं हो मामा.

त्यात शिफारसपत्रांचं लचांड. दोन डॉक्टरांची मिळाली. तिसरं हवं होतं अशा माणसाचं, ज्याच्या हाताखाली अर्जदाराने किमान वर्षभर हातांनी काम केलं आहे. बाकीच्यांनी बडे बडे सर्जन गाठले. मीही मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तू ती दार उघडणारी ना?" दीड वर्ष त्यांच्या ऑपरेशनला उभी होते मी! मग नियम पुन्हा वाचला. तो माणूस डॉक्टरच हवा, असं कुठेच लिहिलं नव्हतं. सुट्ट्यांत तुमच्या सुतारकामात हात चालवलेच होते की, म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, मला फक्त मापं लिहिता येतात. मी म्हटलं, तीच लिहा.

पत्र तुम्ही थेट पाठवायचं, मी वाचायचं नाही, असा नियम. पण मामा, कोरा कागद नव्हता का हो कारखान्यात? मुलाखतीला मी आत गेले तर समोर पाच डॉक्टर, मधोमध प्रमुख बाई, हातात तुमचं पत्र, आणि ते धरलेलं पाठीमागच्या बाजूने. बाईंनी गंभीरपणे वाचलं: उंची दोनशे दहा, खोली साठ, बिजागऱ्या सहा. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक डॉक्टर म्हणाले, ही कुठली नवी तपासणी? मी घाईघाईने म्हटलं, मॅडम, ते कुणाचं तरी कपाट आहे, मी मागच्या बाजूला असेन.

मागे मी होते. बाईंनी मोठ्याने वाचलं, आणि माझं तोंडपाठ झालं: "भाची आहे म्हणून सांगत नाही. सुट्ट्यांत मिळून वर्षाच्या वर माझ्या हाताखाली होती. सुरुवातीला सतरा फळ्या वाया घालवल्या. सतराही स्वतः आणून दाखवल्या, एकही लपवली नाही. आता रंधा बरा मारते. बोलते फार."

बाईंनी चष्मा काढला. "सतरा?" म्हणाल्या.

बाहेर बसलेले सगळे आपला मोठा दोष विचारला तर सांगायला "मी फार कष्ट करते" असं घोकत होते. मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! पण तुमची ती "एकही लपवली नाही" ही ओळ ऐकली आणि तोंडातून निघून गेलं, "सतरा नाही मॅडम, एकोणीस. दोन लपवल्या. मामांना अजून माहीत नाही." (कुठल्या दोन? दम धरा, शेवटचं पान त्यासाठीच आहे.) बाईंनी विचारलं, मग आज का सांगितलंस? मी म्हटलं, फळी गेली तर दुसरी आणता येते, माणसाचा पाय गेला तर नाही. ही लपवायची सवय घेऊन मला इथे यायचं नाही. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, जा. मी बाहेर येऊन ढसाढसा रडले. चारांतले चारही टक्के गेले असं धरून चालले.

आणि आज यादी लागली! टक्केवारीने माझं नाव बोट ठेवून तीनदा वाचलं. आनंदाच्या भरात मी खोलीतल्या टेबलावर हात आपटला, तर त्याचा लंगडा पायच निखळला. अर्ध्या तासात बसवला, मामा, आता हलतसुद्धा नाही. हे सगळं तुमचं आहे. तुम्ही मला बिघडलेली फळी हातात घेऊन तुमच्यासमोर उभं राहायला शिकवलंत, आणि एकदाही हात उगारला नाहीत. मामीला नमस्कार.

तुमची, एकूण पाहता वाया न गेलेली,
भाची

ता. क. टक्केवारीने नवा आकडा काढला. निवड झालेली असताना माझी शक्यता आता नऊ टक्के आहे.

ता. क. २. (मामी, चष्मा काढ.) त्या दोन फळ्या मामीच्या कपाटाच्या होत्या. मी माप उलट्या टोकाने धरलं, दोन्ही वीतभर आखूड कापल्या आणि तुकडे करून सरस शिजवायच्या शेगडीत घातले. त्या दिवशी सरस काय सुरेख झालाय म्हणून तुम्ही खूश होतात. दोन फळ्या कमी पाठवल्या म्हणून गेली अकरा वर्षं तुम्ही वखारवाल्याशी बोलत नाही, त्या ह्याच.

ता. क. ३. वर "झाली" लिहिलं, त्यात एक लहानसं "पण" आहे. तुमच्या पत्रात सतरा, माझ्या तोंडी एकोणीस. आकडा जुळल्याशिवाय जागा पक्की होत नाही, म्हणून सोमवारी सकाळी कार्यालयातून तुम्हाला फोन येईल. हे पत्र शनिवारी पोचेल. मधला रविवार वखारवाल्याकडे जायला बरा आहे. मला काय बोलायचं ते बोला, पण सोमवारी, मामा, एकोणीस म्हणा.