चारही चाकं जमिनीवर

विलकॉक्स, ॲरिझोना

आदरणीय ड्वेनदादांस,

ऑरव्हिलचा कोपरापासून नमस्कार. आपला गुडघा आणि वहिनींची लिंबाची झाडं, दोन्ही बरी असतील अशी आशा आहे. आम्ही इथे मजेत आहोत. (आम्ही म्हणजे मी. मार्लिस परवाच तुमच्याकडे टूसॉनला आली आहे. भावाला भेटायला आले असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझ्यावर चिडून आली आहे, आणि परत येते की नाही याची मला धास्ती आहे.) तिने तुम्हाला सगळं सांगितलंच असेल, पण तिच्या बाजूने. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यालाही एक बाजू असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तुम्ही म्हणाला होता, "त्या चाकांवरच्या घरामागे, मोटरहोममागे, गाडी न्यायची तर माझ्या ट्रेलरवर चढवून ने." मी नाही म्हटलं ते काही ट्रेलरचा अपमान करायला नव्हे. पण रोज मुक्कामाला पोचलं की पट्टे सोडा, गाडी उतरवा, मग तो रिकामा ट्रेलर उभा करायला जागा द्या म्हणून मोटरहोमच्या तळाच्या मालकाच्या हातापाया पडा, हे सांगितलंय कुणी? त्यापेक्षा मोटरहोमला ओढायचा दांडा अडकवला, गाडीचा गिअर न्यूट्रलला टाकला की गाडी स्वतःच्या चार चाकांवर गुमान मागून येते. (अशा गाडीला आमच्यात बेडूक म्हणतात; इंग्रजीत 'ओढलेली' आणि 'बेडूक' दोन्ही 'टोड'च ऐकू येतात. आपल्या निळ्या गाडीला बेडूक म्हटलेलं मार्लिसला खपत नाही.) गाडी जोडलेली असताना मोटरहोम मागे घेता येत नाही, हे कबूल. त्यापायी एका पेट्रोल पंपावर अडकून पडलो होतो, पण तिथे ओळखी किती झाल्या!

तर लॉर्ड्सबर्गहून निघताना मी दांडा अडकवत होतो, तेवढ्यात तळावरच्या शेजारच्या मोटरहोममधला बर्डेट कॉफीचा मग घेऊन आला. जोडणी करणाऱ्या माणसाशी बोलू नये, एवढं साधं वळण त्याला नाही. त्याचंही तुमच्यासारखंच, ट्रेलर एके ट्रेलर. मी त्याला पुरता गप्प केला. मार्लिसने खिडकीतून विचारलं, "गाडीचा हँडब्रेक सोडलास का रे?" मी म्हटलं, "अगं, मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे!" (उत्तर खरं होतं. त्या प्रश्नाचं नव्हतं, इतकंच.)

समोरून मोटरहोम आलं की हात करायचा, ही आपली रीत. त्या दिवशी मात्र लोकांच्या प्रेमाला नुसतं उधाण आलं होतं. मोटरहोमवालेच काय, ट्रकवालेसुद्धा हात करत होते. एक आजीबाई तर अर्ध्या खिडकीबाहेर येऊन दोन्ही हात हलवत होत्या. मीही हसून सगळ्यांना हात केले, वर हॉर्न दिला. मार्लिस म्हणाली, "ऑरव्हिल, हे लोक आपल्याला काहीतरी सांगताहेत." मी म्हटलं, "मिनेसोटाची नंबरप्लेट बघून खूश झालेत." "आणि मागे तो धूर कसला?" "वाळवंट आहे, धूळ उडणारच." शेवटी एका पोलिसाने हात केला. मी त्यालाही केला. मग त्याने लाल दिवा लावला. खाली उतरून बघतो तर निळ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या दोन्ही टायरांच्या चिंध्या.

इथे गावात नवे टायर आणि ब्रेक बसवून झाले, तशी मार्लिस निळ्या गाडीत बसली, "तू बस हात हलवत," म्हणाली आणि निघून गेली. दादा, तेव्हापासून डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढतो आहे. खरं सांगतो, तिच्यावाचून करमत नाही. तळावर येणारेजाणारे हात करतात, पण माझा हात वर होत नाही.

आपला आज्ञाधारक (उशिराने का होईना),
ऑरव्हिल

ता. क. आपला ट्रेलर परसात रिकामाच पडून आहे, असं ऐकतो. शनिवारी निळी गाडी त्यावर चढवून आणि मार्लिसला शेजारी बसवून इकडे याल का? बर्डेटच्या कानावर जाऊ देऊ नये.

ता. क. २ ट्रेलर राहू द्या. मार्लिस तेवढी पाठवा.

ता. क. ३ दांडा मी काढून टाकला. तिला म्हणावं, तुझी गाडी तूच चालव, फक्त माझ्यामागून ये. आरशात दिसलीस की पुरे. मागून यायला नाही म्हणाली, तर पुढून चालव म्हणावं. इतकी वर्षं तिच्याच मागून चालतो आहे, रस्ता एकदाही चुकलो नाही.